आजारातून उठलेले गाणे



संगीतावर बोलण्याचा आम्हांला काडीचाही अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आमचे आयुष्य गेले ते जिनिंग-प्रेसिंगमधील मजुरांचे आणि कापूसबाजारातील हमालांचे अर्ज लिहिण्यात. शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या मांडवात. सूर आम्हांला लावता येत नाही; होता तोही गळा घोषणा देऊन देऊन बसला. त्यामुळे चालकांनी 'आपल्या आवडीच्या विषयावर बोला' असे कळवले तेव्हा त्यांना किमान वेतनाची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळवला 'आजारानंतरचे गाणे'. त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. १९९२ च्या जानेवारीत कुमार गंधर्व वारले. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. अकोल्याला आमच्या युनियनच्या कचेरीत एका शिक्षकमित्राने आपला टेपरेकॉर्डर आणि कुमारांच्या निर्गुणी भजनांची एक कॅसेट आणून ठेवली होती. संध्याकाळी हिशेबासाठी हमाल मंडळी जमत. एके दिवशी ती कॅसेट लावली. खरे सांगावयाचे तर आम्हांला ते गाणे आवडले नाही. हा माणूस मध्येच थांबतो काय, एकदम वर जातो काय, आणि पुन्हा गप्प बसून नुसते तंबोरे वाजू देतो काय! गाणे म्हणजे एक अखंड धार, अशी आमची रेडिओवर वाढलेली समजूत. भिंतीला टेकून बसलेला एक हमाल मात्र डोळे मिटून ऐकत होता. कॅसेटची बाजू संपल्यावर तो म्हणाला, "भाऊ, ह्या बुवाले दम कमी हाय. पन गडी हुशार हाय. एका दमात थप्पीवर चढत नाही. दोन पायऱ्या चढते, थांबते, मंग पुढची चढते. अन् थांबते तवा ओझं खाली ठेवत नाही."

पुढे आम्ही कुमारांविषयी मिळेल ते वाचले. मोठमोठ्या जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि ते उत्तमच आहे. परंतु थांबताना ओझे खाली न ठेवण्याची ही गोष्ट इतक्या थोडक्यात आम्हांला कोठे वाचावयास मिळाली नाही. त्या हमालाला कुमारांच्या आजाराची माहिती नव्हती. आम्हांलाही त्या वेळी नव्हती.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचे मूळ नाव. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळ सुळेभावी येथे जन्म. घरची भाषा कानडी, शिक्षण मुंबईला देवधर मास्तरांकडे, संसार माळव्यात आणि जिवाला जीव देणारे श्रोते मराठी मुलखात. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवीत. लोक थक्क होत, 'कुमार गंधर्व' ही पदवीही त्या वयातलीच. देवधरांकडे आल्यावर विद्येची दारे उघडली, वेगवेगळ्या घराण्यांचे गाणे कानावर पडले. १९४७ साली देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला. वय तेवीस, नाव झालेले, सर्व हिंदुस्थान पुढे पसरलेला. आणि याच सुमारास क्षयाने गाठले. १९४८ मध्ये नवराबायकोंनी देवासला बिऱ्हाड केले. डॉक्टरांनी बजावले की गाणे बंद, गायलात तर जिवावर बेतेल. त्या काळी क्षय या शब्दाने घरात काय होत असे ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असेल. कपबशी वेगळी होई, आणि हळूहळू माणूसही वेगळा होई.

देवास हे गाव आम्ही एकदा मुद्दाम जाऊन पाहिले. तेव्हा अकोल्याहून खंडव्याकडे मीटरगेजची गाडी जात असे. धूळघाटला ती सातपुडा चढताना अशी काही वळसे घेई की, मघाशी खाली दिसलेला रूळ आपलाच होता हे नवख्याला खरे वाटत नसे. ती गाडी आता राहिली नाही. देवासला गेल्यावर मराठी माणसाला परके वाटत नाही. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने त्या एकाच गावात नांदत होती. गावाच्या माथ्यावर देवीची टेकडी आहे. कुमारांचे पुढचे घर तिच्या पायथ्याशी. आम्ही ते रस्त्यावरूनच पाहिले, आत जाण्याचे धैर्य झाले नाही. आम्हांला तो रस्ता पाहावयाचा होता.

कारण त्या पाचसहा वर्षांत कुमारांपाशी जे आले ते रस्त्याने आले. अंथरुणावर पडून राहावयाचे, बोलावयाचे बेताने, गाणे तर नाहीच. कान तेवढे मोकळे. पाखरांचे आवाज, वाऱ्याचे आवाज, बाजाराला जाणाऱ्या खेड्यातल्या बाया, टेकडीवर निघालेली माणसे, भिक्षा मागणारा नाथपंथी जोगी. असे सांगतात की अशाच एका जोग्याच्या तोंडून ऐकलेल्या निर्गुणी भजनाने त्यांना झपाटले, आणि कबीर त्यांच्या दाराशी आला तो पुस्तकातून न येता झोळी घेऊन आला. माळव्यातल्या मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा काढून तिच्यापुढे गाणी म्हणतात. आपल्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते ती कोजागरीपर्यंत, तिची ही चुलत बहीणच म्हणावयाची. अशी गाणी चारपाच सुरांत संपतात. मोठ्या गवयाला त्यांत घेण्यासारखे काय असणार? पण ज्याला एक सूरही लावण्याची बंदी आहे त्याला चार सूर म्हणजे केवढे धन होते, याची आपण कल्पना करावी.

कुमारांनी ही गाणी केवळ ऐकून सोडली नाहीत. जमेल तशी जमवली, त्यांचे स्वर लिहून घेतले, कोणती धून कोठे वळते ते तपासले. त्यांतून ते अशा निष्कर्षाला आले की राग हा दरबारात जन्मला नाही, तो धुनेच्या पोटी जन्मला. मग त्यांनी या धुनांतून स्वतः राग काढले आणि त्यांना 'धुनउगम राग' असे नाव दिले: मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, अहिमोहिनी. अहि म्हणजे साप. गारुड्याच्या पुंगीचा सूर त्या अहिमोहिनीत आहे. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. पुढे माळव्याच्या लोकगीतांचे स्वतंत्र कार्यक्रम त्यांनी केले, पावसाळ्याच्या गाण्यांचा 'गीतवर्षा' केला, आणि १९६५ साली त्यांच्या बंदिशींचे पुस्तक 'अनूपरागविलास' मौजेने काढले. आमच्या मूर्तिजापुरात जन्मलेल्या कवी अनिलांचे गीतही त्यांनी स्वतः चाल लावून गायले, हे वऱ्हाडकरांनी विसरू नये.

आवाज मात्र पूर्वीचा राहिला नव्हता. एक फुप्फुस निकामी झाले होते. लांब पल्ल्याच्या ताना, दमसासाचे प्रदर्शन, ज्यावर टाळ्या पडतात ते सारे अवघड झाले. अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. एक, जुनेच काम जुन्याच पद्धतीने करावयाचे आणि उणीव झाकावयाची. दुसरी, काम नव्याने बांधावयाचे. कुमारांनी दुसरी धरली. तुकडे लहान केले, पण प्रत्येक तुकडा धारदार. मधल्या थांब्यात तंबोरे बोलावेत म्हणून ते तंबोरे लावण्यात अपार कष्ट घेत. घराण्यांच्या अभिमान्यांनी नाके मुरडली. हे गाणे तुटक आहे, परंपरेला धरून नाही, वगैरे. त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. आमचा साक्षीदार थप्पीवर चढणारा होता.

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. कुमारांच्या या कथेला एक गोड वळण देण्याची आपल्या लोकांना सवय लागली आहे. 'आजार हे वरदान ठरले', 'क्षयाने त्यांना गाणे दिले', अशी वाक्ये आम्ही भाषणांतून ऐकली आहेत. बंधूंनो, क्षयाने कोणालाही गाणे दिल्याचे आम्ही आजवर पाहिले नाही. क्षय काय देतो ते आम्ही हमालांच्या खोल्यांतून पाहिले आहे. तो खोकला देतो, कर्ज देतो आणि बायकोच्या अंगावरचा शेवटचा मणी घेऊन जातो.

कुमारांना परत आणले ते औषधाने. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या औषधाचे नाव. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ नावाच्या तरुण विद्यार्थ्याने मातीतल्या जंतूंतून ते शोधले. नाव आणि उत्पन्न गुरूकडे गेले, म्हणून त्या विद्यार्थ्याला १९५० साली कोर्टात जावे लागले. तेथे त्याचा वाटा मान्य झाला, तरी १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांनाच मिळाले. मुकादमाला बक्षीस आणि मजुराला शाबासकी, हा प्रकार केवळ जिनमध्येच चालतो अशी आमची समजूत होती! ते असो. औषध हिंदुस्थानात मिळू लागले आणि कुमारांच्या वेळेवर मिळाले, हे एक. दुसरे, भानुमतीबाई. स्वतः गाणारी ही बाई. तिने रोग्याची शुश्रूषा केली, घर चालवले, औषधाची वेळ सांभाळली. १९६१ साली बाळंतपणात ती गेली. कुमारांच्या गाण्यावर बोलताना आम्ही तिचे नाव आधी घेतो. तिसरे असे की, पाचसहा वर्षे या माणसाला 'उद्यापासून कामावर ये, नाहीतर दुसरा ठेवतो' असे सांगणारा कोणी दारात आला नाही. या तिन्ही गोष्टींच्या आधारावर मग त्यांचा तो अलौकिक कान उभा राहिला. कान त्यांचाच, त्यात वाटेकरी कोणी नाही. पण विसावा नसता तर तो कान काय ऐकणार होता?

मघाचा आमचा हमाल. कुमारांचा दम ओळखणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा दम पुढे काही वर्षांनी तुटू लागला. थुंकी तपासली, क्षय निघाला. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होते, त्याबद्दल तक्रार नाही. दोन महिन्यांत ताप उतरला, खोकला कमी झाला. नेमका तेव्हा दसरा आला, कापूस बाजारात उतरू लागला. वर्षाचे पोट भरावयाचे ते या चारपाच महिन्यांत. आम्ही त्याला बजावले, औषध सहा महिने सोडावयाचे नाही, ओझे उचलावयाचे नाही. तो म्हणाला, "भाऊ, औषध सरकार देते. भाकर कोन देते?" आम्ही उत्तर दिले नाही. युनियनच्या पेटीत त्या दिवशी जे होते ते महिनाभरही पुरले नसते. तो कामावर गेला, औषध सुटले, आणि पुढच्या पोळ्याआधी तो वारला. आम्ही त्याला औषध मिळवून दिले, विसावा मिळवून देऊ शकलो नाही. तीस वर्षांच्या कामात पुष्कळ हरलो, त्यांतली ही हार आमच्या मनातून जात नाही.

असा विसावा देणारा कायदा या देशात नाही असे मात्र समजू नका. राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ चा. म्हणजे कुमार देवासला गेले त्याच सालचा. योजना प्रत्यक्ष सुरू झाली फेब्रुवारी १९५२ मध्ये, कानपूर आणि दिल्लीला. या योजनेखाली क्षयासारख्या दीर्घ आजारात, अटी पुऱ्या केलेल्या विमाधारक कामगाराला दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. उत्तम कायदा. परंतु हंगामी कारखाने त्यातून वगळलेले आहेत, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय याची व्याख्या आपण काढून पाहाल तर त्या यादीत पहिले नाव कापसाच्या जिनिंगचे आहे. सत्तर वर्षांनंतर, २०२० साली, जुने कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षेची नवी संहिता झाली. तीतही हंगामी कारखाना बाहेरच उभा आहे. क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून सरकार दरमहा ५०० रुपये देऊ लागले आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्याचे १००० झाले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तथापि हजार रुपयांत महिनाभर कोणी थप्पीपासून दूर राहू शकत नाही.

कोणी म्हणेल, हे आमच्या गरीब देशातले रडगाणे. म्हणून सातासमुद्रांपलीकडची एक हकीकत सांगतो. अमेरिकेत आर्कान्सा नावाचे राज्य आहे, कापसाचे. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध पेटले, कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस एकाएकी प्रिय झाला. म्हणजे त्या मुलखाशी आपले जुने, थोडे सवतीचे नाते आहे. तेथल्या एका कापूस पिकवणाऱ्याच्या घरात १९४० साली लेव्हॉन हेल्म जन्मला. मोठा झाल्यावर तो 'द बँड' नावाच्या जथ्यात ढोल वाजवू आणि गाऊ लागला. विजेवर चालणाऱ्या गिटारी आणि ढोलांचा दणदणाट असलेले ते रॉक नावाचे संगीत; त्यात याचे नाव फार मोठे झाले. एकत्र बसून केलेल्या गाण्यांवर नाव आणि पैसा मात्र एकाच सोबत्याचा लागला, ही तक्रार त्याने १९९३ च्या आपल्या आत्मचरित्रात केली आहे. तिचा निवाडा करणारे आम्ही कोण. पण तक्रार ओळखीची वाटते.

१९९८ मध्ये त्याला घशाचा कर्करोग झाला. किरणांचे उपचार घेतले, जीव वाचला, आवाज गेला. कुजबूज करण्यापुरता उरला. इतक्या प्रसिद्ध माणसाला, इतक्या श्रीमंत देशात, औषधोपचाराच्या बिलांनी असे घेरले की घर हातचे जाण्याची वेळ आली. तेव्हा त्याने आपल्या घराच्या कोठारवजा जागेत शनिवारी रात्री गाण्याच्या बैठकी सुरू केल्या आणि तिकिटाच्या पैशांतून देणी फेडली. स्वतः गाता येत नव्हते तोवर ढोल वाजवला. काही वर्षांनी आवाज परतला, पण खरखरीत, कडांना फाटलेला. आणि २००७ मध्ये त्याने तबकडी काढली ती कसली? आपल्या प्रसिद्ध गाण्यांची नव्हे. शेतावर आईबापांकडून ऐकलेली जुनी गाणी त्यांत होती, साथीला विजेचा दणदणाट नाही, साधी तंतुवाद्ये, आणि बरोबर गायला स्वतःची मुलगी. तबकडीचे नाव 'डर्ट फार्मर'. म्हणजे आपल्या वऱ्हाडी बोलीत कोरडवाहू कास्तकार. तिला २००८ चे पारंपरिक लोकसंगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २०१२ साली तो वारला.

ही तबकडी आमच्या पुतण्याने मोबाईलवर ऐकवली. शब्द निम्मे कळले नाहीत. परंतु तो फाटका आवाज ऐकताना आम्हांला कचेरीतली ती संध्याकाळ आठवली. येथेही उणीव झाकलेली नाही. आणि बाजूला मुलीचा आवाज असा लागलेला की बापाचा श्वास अपुरा पडतो तेथे ती उभी असते. कुमारांच्या शेजारीही वसुंधराबाई अशाच गात असत. १९६२ मध्ये त्यांचे लग्न झाले, आणि पुढची तीस वर्षे कित्येक मैफलींत त्या आवाजाची साथ होती. टाळ्या एकाला पडतात, हे रीतीप्रमाणेच.

दोघेही आजारानंतर घरच्या आणि गावच्या गाण्याकडेच का गेले, याचे उत्तर विद्वानांनी द्यावे. आमच्या अडाणी बुद्धीला असे वाटते की, गवई धडधाकट असतो तोवर पुढच्या रांगेतल्यांसाठी गातो. अंथरुणाला खिळला की पुढची रांग उठून जाते. मग जे ऐकू येते ते बोळातले, माजघरातले, काम करता करता म्हटलेले. ते गाणे कोणाला खूश करण्यासाठी नसते. जात्याचे, कापूस वेचण्याचे, पोर निजवण्याचे गाणे अर्ध्या दमाच्या माणसालाही म्हणता येते, कारण ते दमलेल्या माणसांनीच केलेले असते.

एक गोष्ट मात्र मनात सलते. माळव्याच्या त्या बाया कोण होत्या? कुमारांनी माळव्याचे ऋण कधी लपवले नाही. रागाला मालवती नाव देणारा माणूस आणखी काय करणार? तरीही ती धून कोणत्या बाईच्या तोंडची, तिचे नाव काय, गाव कोणते, हे आज आपल्याला सांगता येत नाही. हा कुमारांचा दोष म्हणता येणार नाही. लोकगीत म्हटले की नाव विचारावयाचे नाही, अशी आपणा सर्वांचीच सवय आहे. हजेरीपटावर नाव नसले की मजुरी मागता येत नाही, हे आम्हांला धंद्याने शिकवले. म्हणून कदाचित आम्हांला हे अधिक टोचत असेल.

गेल्या आश्विनात आम्ही एक लहानसा उद्योग केला. अकोल्याच्या आमच्या कचेरीत जिनमध्ये काम केलेल्या काही म्हाताऱ्या बायांना बोलावले आणि भुलाबाईची व कापूस वेचणीची गाणी म्हणावयास सांगितले. पहिला अर्धा तास कोणी तोंड उघडेना. "आमचं कायचं गानं भाऊ, आधी चहा तर पाजा," असे झाले. चहा झाला. मग एकीने सुरू केले. सत्तरी ओलांडलेली बाई, छातीत कापसाची धूळ भरलेली, दोन ओळींनंतर खोकल्याची ढास. दुसरीने न सांगता तिची ओळ पुढे नेली. पहिली थांबली, पाणी प्याली, आणि बरोबर पुढच्या टप्प्याला येऊन मिळाली. असे ते तीन तास चालले. पुतण्याने मोबाईलवर सगळे उतरवून घेतले. आम्ही हजेरीपटाच्या एका कोऱ्या वहीत पहिल्या रकान्यात गाणाऱ्या बाईचे नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात गाणे कोणाकडून शिकली ते, असे लिहिले. तिसऱ्या रकान्यात बहुतेकींनी आईचे किंवा सासूचे नाव सांगितले. एकीला आठवेना, तिने दुसऱ्या दिवशी घरून पोराच्या हाती चिठ्ठी पाठवली.

एकेचाळीस गाणी झाली आहेत. अमरावतीकडच्या, विशेषतः दर्यापूर आणि अचलपूर भागातल्या बायांची गाणी अजून नाहीत. ज्यांच्या घरी कोणी म्हणणारे असेल त्यांनी सभेनंतर आम्हांला भेटावे. वही बरोबर आणली आहे.